तुर्भ्याच्या भिंतीआतलं ज्ञान

होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं ते १२ मार्च १९४४ रोजी. हिरोशिमावर बॉम्ब पडायला अजून जवळपास दीड वर्ष होतं. अणूपासून वीज मिळेल, असं छातीठोकपणे सांगणारी माणसं तेव्हा जगात फार नव्हती. पत्रातली मागणी होती मूलभूत भौतिकशास्त्राच्या संस्थेची. वीसएक वर्षांनी अणुवीज प्रत्यक्षात आली, तर तज्ज्ञांसाठी परदेशाकडे बघायची वेळ येऊ नये, असा भाभांचा हिशेब. त्यातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. आधी बंगळुरात, त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरच्या 'केनिलवर्थ' बंगल्यात, आणि पुढे काही वर्षं गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात.

स्वातंत्र्यानंतर चक्रं भराभर फिरली. १९४८ मध्ये अणुऊर्जा कायदा आणि अणुऊर्जा आयोग, १९५४ मध्ये थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीतलं स्वतंत्र खातं. हे खातं दिल्लीत न ठेवता मुंबईत ठेवलं गेलं, ही बाब किरकोळ वाटते, पण तशी ती नाही. सचिवालयाच्या फाइलगिरीपासून हजारभर किलोमीटर दूर असल्याचा फायदा या खात्याने पुढे पुरेपूर घेतला. त्याच वर्षी मुंबईतल्या तुर्भ्याला (ट्रॉम्बे) अणुऊर्जा प्रतिष्ठान हे संशोधन केंद्र उभं राहिलं. भाभांच्या अपघाती मृत्यूनंतर, १९६७ मध्ये, त्याला त्यांचं नाव मिळालं.

तुर्भ्याची पहिली अणुभट्टी 'अप्सरा' ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. क्षमता अवघी एक मेगावॉट, वीजनिर्मितीचा प्रश्नच नव्हता. इंधन ब्रिटनमधून आलं होतं. नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मात्र इथल्याच लोकांनी बांधली. हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया १९६७ मध्ये निघाली, ती याच गटातून. भट्टी करता करता सर्किटं, व्हॅक्यूम पंप, अणुभट्टीच्या दर्जाचं शुद्ध युरेनियम, इंधनाच्या वेष्टनासाठी लागणारा झिरकोनियम धातू हे सगळं शिकावं लागलं. धातुशास्त्रज्ञ ब्रह्म प्रकाश यांच्या नेतृत्वाखाली झालेलं इंधनावरचं काम भाभांच्या नावाच्या झगमगाटात दिसत नाही, पण पुढच्या अडचणीच्या काळात तेच कामी आलं.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत दूरदर्शी गोष्ट म्हणजे १९५७ साली सुरू झालेलं तुर्भ्याचं ट्रेनिंग स्कूल. विज्ञान आणि अभियांत्रिकीचे ताजे पदवीधर देशभरातून निवडायचे, वर्षभर विद्यावेतन देऊन शिकवायचं आणि उत्तीर्ण झालेल्यांना थेट नोकरीत घ्यायचं. यंत्र अभियंत्याला न्यूट्रॉन म्हणजे काय ते शिकवायचं, भौतिकशास्त्रवाल्याला अभियांत्रिकीची भाषा. मुंबईच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी महाविद्यालयातून आलेले अनिल काकोडकर याच वाटेने भाभा केंद्रात गेले आणि पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. ही भरती वर्षानुवर्षं अखंड चालू राहिली. कार्यक्रम रखडला तरी माणसांचा ओघ आटला नाही.

त्याची कसोटी मे १९७४ नंतर लागली. पोखरणच्या चाचणीनंतर कॅनडाने अंग काढून घेतलं. राजस्थानात कॅनडाच्या मदतीने बांधली जाणारी रावतभाट्याची दुसरी भट्टी तेव्हा अर्धवट होती. आपल्या लोकांनी ती पुरी केली, पण त्याला १९८१ उजाडलं. तमिळनाडूतल्या कल्पक्कमच्या भट्ट्या मग, आराखडा कॅनडाच्याच धर्तीचा असला तरी, स्वबळावर झाल्या. तिथेच फ्रान्सच्या 'राप्सोदी'च्या धर्तीवर प्रायोगिक द्रुतभट्टी (वेगवान न्यूट्रॉनवर चालणारी भट्टी) बांधायचं चाललं होतं. मूळ आराखड्यातल्या इंधनाला अतिसमृद्ध युरेनियम लागणार होतं आणि ते बाहेरून मिळण्याची आशा संपली. तेव्हा प्लुटोनियम आणि युरेनियमच्या कार्बाइडचं मिश्रण वापरायचं ठरलं. भट्टी चालवणारं मुख्य इंधन म्हणून असं मिश्रण तोवर कुणी वापरलं नव्हतं. कार्बाइड हवेशी चटकन अभिक्रिया करतं, त्यामुळे सगळं काम निष्क्रिय वायू भरलेल्या बंद पेट्यांत, हातमोज्यांतून करायचं. ऑक्टोबर १९८५ मध्ये ती भट्टी सुरू झाली आणि त्या इंधनाने पुढे अपेक्षेहून कितीतरी जास्त काळ साथ दिली.

दुरुस्तीची गोष्ट त्याहून बोलकी आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस कल्पक्कमच्या वीजभट्ट्यांत जड पाणी (जड हायड्रोजनचं पाणी, न्यूट्रॉनचा वेग कमी करणारं) आत सोडणारी नळव्यवस्था मोडली, तुकडे भट्टीच्या टाकीत पडले. तिथला किरणोत्सार असा की माणूस आत जाण्याचा विचारही नको. लांबून चालवायची अवजारं इथेच घडवून पाहणी झाली. जड पाण्याचा मार्ग बदलून, वीज कमी करून भट्ट्या चालू ठेवल्या. पुढे इंधन-नळ्या बदलायचं मोठं काम निघालं, तेव्हा काही नळ्यांच्या जागी जड पाण्यासाठी भोकं असलेल्या नळ्या घालून पूर्ण क्षमता परत मिळवली. आराखडा परक्याचा, तो परका दारातही उभा राहणार नाही, अशा वेळी हे जमणं म्हणजेच ज्ञान मुरलेलं असणं.

पण या ज्ञानाला भिंत होती आणि ती मुद्दाम बांधलेली होती. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांनी सुरुवातीलाच, लोकसभेतही, गुप्ततेवर आणि विद्यापीठांना बाजूला ठेवण्यावर टीका केली. त्यांच्या म्हणण्याकडे भाभांशी असलेल्या स्पर्धेच्या चष्म्यातून बघण्याची आपल्याकडे रीत आहे. ते अन्यायाचं आहे. चांगली माणसं आणि पैसा खात्याच्या प्रयोगशाळांकडे वळला आणि विद्यापीठांत अणुअभियांत्रिकी कधी जोमाने रुजलीच नाही. खात्याने संशोधन अनुदानं दिली, २००५ मध्ये होमी भाभा राष्ट्रीय संस्था हे अभिमत विद्यापीठही काढलं, पण तेही खात्याच्याच संस्थांचं. १९६२च्या कायद्याने अणुवीज पूर्णपणे सरकारकडे ठेवली. खासगी कारखाने भट्टीची पात्रं, पंप, टर्बाइन पुरवत राहिले, भट्टी चालवणं त्यांच्या वाट्याला आलं नाही. आणि वेगाचं काय? सन २००० पर्यंत १०,००० मेगावॉटचं उद्दिष्ट होतं, प्रत्यक्षात तीन हजारांचाही पल्ला गाठता आला नव्हता. १९७४ नंतरचा परदेशी बहिष्कार हे कारण खरं, पुरेसं नव्हे. इंधनाची टंचाई, पैशाची ओढाताण हेही होतंच.

२००८ मध्ये अणुपुरवठादार गटाने, म्हणजे अणुसामग्रीच्या निर्यातीचे नियम ठरवणाऱ्या देशांच्या गटाने, भारताला सूट दिली आणि परदेशी युरेनियमची वाट मोकळी झाली. २०२५च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचं लक्ष्य आणि लहान भट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपये जाहीर झाले. आज आपण नऊ गिगावॉटच्याही अलीकडे आहोत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा संमत करून खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि भट्ट्यांची सुरक्षा तपासणाऱ्या, १९८३ पासून शासकीय आदेशावर चालणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला.

आता भट्टी चालवणारा एका कंपनीचा, आराखडा दुसऱ्याचा आणि तपासणारा तिसरा, असं होणार. नियामक मंडळाचे कित्येक अभियंते आजवर तुर्भ्याच्याच ट्रेनिंग स्कूलमधून आले, आणि त्याच तुकड्यांवर आता खासगी कंपन्यांच्या पगाराचीही नजर असेल.