कुंभ्याला उपटू नका, एक कोपरा द्या त्याला

जूनमध्ये दोन-तीन दमदार पाऊस झाले की नागपुरात कुठल्याही रिकाम्या प्लॉटवर, कंपाउंडच्या कडेला, अगदी फुटपाथच्या फटीतसुद्धा कुंभा उगवतो. कोणी तुंबा म्हणतं, आयुर्वेदवाले द्रोणपुष्पी म्हणतात, आणि बहुतेक जण नुसतं तण म्हणून निंदून फेकून देतात, तेच मला बघवत नाही. कारण हे आपलं इथलं, अस्सल देशी, पुदिन्याच्या कुळातलं फुलझाड आहे.

पटत नसेल तर त्याचं खोड दोन बोटांत धरून फिरवून बघा, गोल नाही लागत, चौकोनी लागतं. मग घरच्या तुळशीचं बघा, पुदिन्याचं बघा, तसंच. चारही कोपऱ्यांत जाड भिंतींच्या पेशींचे पट्टे असतात, त्यामुळे एवढं नाजूक खोड वाऱ्यापावसात उभं राहतं. पानं समोरासमोर जोडीनं, आणि खालची जोडी पूर्व-पश्चिम असेल तर वरची दक्षिण-उत्तर, म्हणजे एकीची सावली दुसरीवर कमी पडते.

पण खरी गंमत फुलात आहे. खोडाभोवती गोल झुपका, त्यातून पांढरीशुभ्र फुलं निघतात. शास्त्रीय नाव ल्युकस आस्पेरा, त्यातलं ल्युकस हे ग्रीक भाषेतल्या पांढऱ्यावरून आलंय. फुलाला दोन ओठ असतात, खालचा मोठा आणि पसरट, माशीला उतरायला ओटाच म्हणा ना, आणि वरचा छोटा, लवदार टोपीसारखा. त्या टोपीखाली चार पुंकेसर लपलेले. मध नळीच्या तळाशी असतो, तो प्यायला माशी डोकं आत घालते तेव्हा वरून परागकण तिच्या डोक्या-पाठीला लागतात, मग ती पुढच्या फुलावर जाते आणि तिथल्या कुक्षीला ते पोचवते. लहानपणी आम्ही हीच फुलं खुडून मागच्या टोकानं चोखायचो, तेव्हा कुठे माहीत होतं की माशीचा वाटा खाऊन राहिलोय.

माझ्या आवारातल्या कुंभ्यावर सकाळी बारक्या फुलोरी मधमाश्या असतात, फुलपाखरं असतात, आणि निळ्या पट्ट्यांची एक गुबगुबीत माशी येते, तिचा गुंईऽऽ आवाज लांबूनच कळतो. ही पोळं करत नाही, मादी एकटीच मातीत बीळ करून अंडी घालते. म्हणून सगळ्या आवारात फरशी घालू नका बाप्पा, थोडी उघडी माती राहू द्या. हिचे नर रात्री वाळक्या काडीला जबड्यानं घट्ट धरून झोपतात, रांगेनं. संध्याकाळी टॉर्च हळूच मारून बघा.

लावायचं म्हणाल तर फार काही नाही. फुलं वाळून झुपका तपकिरी झाला की तो कागदावर झटका, प्रत्येक फुलामागे जास्तीत जास्त चार बारीक बिया मिळतात. पहिल्या पावसाच्या सुमारास त्या ऊन येणाऱ्या जागी नुसत्या भुरभुरा, खोल पुरू नका. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, तर तिथे थोडा मुरूम मिसळून जागा जराशी उंच करा. खताची गरज नाही, खत टाकलं की दुसरं गवतच जोरात येतं. झाड वर्षभराचंच, बी पडून मरतं, म्हणून बी पडायच्या आधी ग्रास कटर फिरवला की पुढच्या वर्षी तिथे गाजरगवत उगवेल, कुंभा नाही. माझ्याकडे एका वर्षी हेच झालं.

एक सावधगिरी मात्र घ्या. याच कुळातली, चौकोनी खोडाचीच, उग्र वासाची एक विलायती रानतुळस आपल्याकडे जंगलांच्या कडेला आणि रस्त्यालगत माजलीय, फुलं निळसर-जांभळी, ती उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली आहे. तिच्यावरही माश्या बसतात हे खरं, पण ती पुरुषभर उंच होऊन खालचं सगळं दाबून टाकते. ती बी धरायच्या आत उपटा, ओल्या मातीत असतानाच, मुळासकट येते.

कुंभ्याचं बी मी कागदाच्या पाकिटात घालून पुढच्या जूनपर्यंत कोरड्या जागी ठेवतो, शेजारच्या काकूंनाही देतो. त्या कोवळ्या पानांची भाजी करतात, जराशी कडवट लागते पण भाकरीबरोबर मस्त.