कैद्याच्या पत्रापासून कस्टमच्या फोनपर्यंत

‘दिल्ली एअरपोर्टवरून कस्टम बोलतोय. तुमच्या नावाचं पार्सल आलंय, आत पौंड सापडलेत. ३५ हजार भरा, नाहीतर केस होईल.’ पार्सल पाठवणारा असतो दोन महिन्यांपूर्वी लग्नाच्या साइटवर भेटलेला ‘लंडनचा डॉक्टर’. पैसे भरले की पुढचा फोन येतो, कसल्याशा प्रमाणपत्राच्या लाखभर रुपयांसाठी. खातं कस्टमचं नसतंच. भलत्याच राज्यातल्या कुणाचं तरी भाड्यानं घेतलेलं बचत खातं असतं.

ही चाल इंटरनेटच्या खूप आधीची. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत ‘स्पॅनिश कैद्या’ची पत्रं फिरत. कुणी धनाढ्य माणूस स्पेनच्या तुरुंगात अडकलाय, सोडवायला थोडे पैसे द्या, मग संपत्तीत वाटा घ्या. काही पत्रांत त्याची देखणी, उपवर मुलगीही असे. आधी गुन्हेगार आणि मग पोलीस झालेला फ्रान्सचा विदोक लिहून गेलाय, की अशा शंभर पत्रांपैकी विसांना हटकून उत्तर येई. आजच्या जाहिरातवाल्याला एवढा प्रतिसाद मिळाला तर तो पेढे वाटेल.

१९८० च्या दशकात तेलाचे भाव पडले, नायजेरियाची अर्थव्यवस्था घसरली आणि तिथून अशी पत्रं निघू लागली. कैद्याच्या जागी मंत्री आला, तुरुंगाच्या जागी बँक. तिथल्या कायद्याच्या कलमावरून या धंद्याला ‘४१९’ म्हणतात. (आपल्या जुन्या दंडसंहितेतही ४१९ हे तोतयेगिरी करून फसवण्याचंच कलम होतं, हा निव्वळ योगायोग.) पुढे सायबर कॅफेतल्या पोरांनी मंत्र्याला रजा दिली आणि प्रियकर उभा केला.

आपल्याकडे त्याला दार उघडं मिळालं ते विवाहाच्या संकेतस्थळांवर. पूर्वी स्थळ कुणाच्या तरी ओळखीतून यायचं. मुलगा खरंच नोकरीला आहे का, हे त्याच्या गावात जाऊन कुणीतरी विचारून यायचं. साइटवर तो विचारणारा उरला नाही. त्यातून बाई चाळिशीची, घटस्फोटित किंवा विधवा असेल तर घरात बोलायचीही चोरी. ‘आपलं आपल्यातच ठेवू’ असं समोरचा म्हणतो, ते तिला सोयीचंच वाटतं. २०१६ मध्ये केंद्रानं या साइट्सना सदस्यांची ओळखपत्रं घ्यायला सांगितलं. २०१९ पासून कस्टमच्या अधिकृत पत्रांवर पडताळता येईल असा ‘डिन’ क्रमांक असतो. पण फोनवर रडकुंडीला आलेल्या माणसाला तो क्रमांक विचारायचं सुचत नाही.

त्याच सुमारास चीनमधून नवी तऱ्हा पसरली: ‘शा झू पान’, म्हणजे डुक्कर पोसून पुष्ट करायचं आणि मग कापायचं. ‘पैसे मागितले तर सावध व्हा’ हा सल्ला इथे निकामी ठरतो, कारण हा माणूस मागतच नाही. चुकून आल्यासारखा एक मेसेज, मग महिनाभर ‘जेवलीस का?’, आणि कधीतरी सहज दाखवलेलं क्रिप्टोचं अ‍ॅप. दहा हजार घालून पाहिले की नफ्यासकट परत मिळतात, अगदी खरोखर. दहा लाख गेल्यावर मात्र रक्कम काढायला आधी ‘टॅक्स’ भरावा लागतो.

२०१९ मध्ये कंबोडियानं ऑनलाइन जुगार बंद केला, पाठोपाठ कोविडनं कॅसिनो रिकामे केले आणि या टोळ्यांना आयत्या इमारती मिळाल्या. म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसं जबरदस्तीनं या कामाला जुंपली असावीत, असा संयुक्त राष्ट्रांचा २०२३ चा अंदाज. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना परत आणलं. नोकरीच्या आमिषानं गेलेली आपलीच पोरं कुणाला तरी ‘जेवलीस का?’ विचारत होती.

पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा तो त्याच तासात, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात उडत असते आणि मधेच गोठवली तरच हाती लागते. उशीर झाला की आठवड्याभरात एखाद्या ‘वकिला’चा फोन येतो: तुमचे पैसे सापडलेत, अडकलेत फक्त, सोडवायला थोडी फी लागेल.