बीना-ग्वाल्हेरची ती एक लाइन

वीज गेली की ‘वरून बंद केली’ म्हणतात. 2020 मध्ये तर नऊ मिनिटं दिवे मालवले की ग्रीड, म्हणजे देशभर वीज वाहणारं तारांचं जाळं, कोसळणार, अशी आवई उठली होती. मागणी सुमारे 31,000 मेगावॅटनं उतरली, पण जलविद्युत संच आधी ठरवल्याप्रमाणे खाली-वर केले आणि ग्रीड टिकलं.

हे ‘वर’ नेमकं कोण? महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा यांचं विभागीय भार प्रेषण केंद्र मुंबईत आहे. त्याला वीजनिर्मिती किंवा विजेचा व्यापार करायला कायद्यानं मनाई आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 भाग पाडून कोण किती वीज ओतणार, कोण किती उचलणार, हे ते आदल्या दिवशी ठरवतं. राज्य जास्त उचलू लागलं तर ते त्या राज्याच्या भार प्रेषण केंद्राला भार कमी करायला सांगतं. हुकूम पटला नाही तर केंद्रीय वीज नियामक आयोगाकडे जाता येतं, पण निकाल लागेपर्यंत 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 29 नुसार हुकूम पाळावाच लागतो.

कोणती लाइन दुरुस्तीसाठी कधी बंद ठेवायची, हे मात्र हुकमानं ठरत नाही. ते विभागीय वीज समितीच्या मासिक बैठकीत सर्वांच्या संमतीनं ठरतं. लोकांचं इथे लक्ष नसतं, पण धोका इथेच असतो.

जुलै 2012 मध्ये मध्य प्रदेशातली 400 केव्ही बीना-ग्वाल्हेरची एक लाइन क्षमतावाढीच्या कामासाठी बंद होती. उत्तरेकडे जाणारा भार जोडीच्या लाइनवर आला. लाइनवरचा डिस्टन्स रिले, म्हणजे दोष दिसला की लाइन तोडणारं संरक्षक यंत्र, व्होल्टेजला करंटनं भागतो. शॉर्टसर्किट झालं की करंट चढतो, व्होल्टेज पडतं, भागाकार लहान होतो. जितका लहान, तितका दोष जवळ. अंतरानुसार त्याचे झोन, म्हणजे टप्पे, असतात. झोन 1 मध्ये स्वतःच्या लाइनचा सुमारे 80 टक्के भाग येतो, तिथे रिले तत्क्षणी लाइन तोडतो, म्हणजे ट्रिप करतो. झोन 3 शेजारच्या लाइनपलीकडे पाहतो, म्हणून थोडा थांबतो. पण अतिभारातही करंट चढतो आणि व्होल्टेज खचतं. भागाकार झोन 3 मध्ये घसरला की रिलेला तो दूरचा दोषच वाटतो. 30 जुलैला पहाटे अडीचच्या सुमारास नेमकं हेच झालं. लाइनवर दोष नव्हता, तरी ती सुटली. ग्रीडचा उत्तर विभाग अंधारात गेला. भार कमी करा, असं फोनवरून सांगितलं तरी रिले त्यासाठी थांबत नाही.

31 जुलैला दुपारी एक वाजता तीच लाइन झोन 3 मध्येच पुन्हा ट्रिप झाली. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही विभाग बुडाले.