लाय की ले? पडणं आणि पाडणं

मी रोज ज्या व्हिडिओवरून योगासनं करते त्यातल्या बाई म्हणतात, “ले डाऊन ऑन युअर बॅक.” आता ‘ले’ म्हणजे ठेवणं, अंथरणं. पाठीवर ठेवायचं काय, उशी? स्वतः आडवं व्हायचं असेल तर ‘लाय डाऊन’. बाईंना तरी काय बोलणार, खुद्द इंग्रज सहा-सातशे वर्षं हीच गल्लत करताहेत.

मराठी माणसाला ही गोष्ट खरं तर पाठच असते. आंबा पडतो, पोरं आंबा पाडतात. गाय चरते, गुराखी तिला चारतो. आतला स्वर बदलला की आपसूक होणारी क्रिया कुणीतरी घडवून आणलेली होते. जुन्या इंग्रजीत ‘लिज्जन’ म्हणजे पडून असणं, आणि त्याच धातूपासूनचं ‘लेज्जन’ म्हणजे एखादी गोष्ट पडून राहील असं करणं, अर्थात ठेवणं. साम्य रक्ताचं आहे: संस्कृतातल्या पतति-पातयतिचा साचा आणि हा साचा एकाच इंडो-युरोपीय पूर्वजाकडून, म्हणजे संस्कृत आणि इंग्रजी दोघींच्या आदिभाषेकडून आलेला. सिट-सेट ही जोडीही त्यातलीच. त्यामुळे ‘ले’ला कर्म लागतंच. कोंबडी अंडी ‘ले’ करते, गवंडी विटा. ‘लाय’ला कर्म चालत नाही.

गोची भूतकाळात आहे. ‘लाय’चा भूतकाळ चक्क ‘ले’! “काल दुपारभर मी कोचावर ले” हे शुद्ध, आणि पुढचं रूप ‘लेन’, जे बोलताना फारसं कानावर पडत नाही. ‘ले’चा भूतकाळ मात्र ‘लेड’. इतकं झाल्यावर बाईंना माफ करावंसं वाटतं.

खोटं बोलणारं ‘लाय’ या घरातलं नव्हेच. त्याचं जुनं रूप ‘लेओगन’. शतकानुशतकं झिजून उच्चार तेवढा एक झाला. जर्मनांनी तिघांना अजून वेगळं ठेवलंय: लीगन, लेगन, ल्यूगन. खोटं बोलणाऱ्या इंग्रजी ‘लाय’चा भूतकाळ ‘लाइड’, तेव्हा “ही लाइड ऑन द सोफा” लिहिलंत तर त्यानं सोफ्यावर बसून थापा मारल्या, एवढंच कळेल.

आणि कायद्याला ‘लॉ’ म्हणतात तो शब्द याच ‘ले’च्या कुळातला, नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या लोकांबरोबर इंग्लंडात उतरलेला. मूळ अर्थ, घालून दिलेलं. नियम आपणही घालूनच देतो, आणि अंडी कोंबडीही घालतेच.