शब्दाचा अर्थ लावताना मेंदूत काय घडते?

‘परासरण’ (पातळ पडद्यातून पाणी दाट द्रावणाकडे सरकणे) ही संज्ञा पाठ करण्यासाठी विद्यार्थी तिची व्याख्या वहीत पुन्हा पुन्हा लिहून काढू शकतो. किंवा पाण्यात घातलेले मनुके टम्म का फुगतात आणि साखरेच्या दाट पाकात टाकल्यावर तेच पुन्हा का आक्रसतात, या प्रश्नाशी ती जोडून पाहू शकतो. शब्द तोच असला, तरी मेंदूचे काम दोन्ही वेळा सारखे नसते.

मानसशास्त्रज्ञ फर्गस क्रेक आणि एंडेल टल्व्हिंग यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रत्येक शब्दाबद्दल एक प्रश्न विचारला जाई: तो मोठ्या लिपीत छापला आहे का, अमुक शब्दाशी त्याचे यमक जुळते का, किंवा दिलेल्या वाक्यात तो अर्थाने बसतो का. नंतर घेतलेल्या चाचणीत अर्थाचा विचार करायला लावलेले शब्द सर्वांत चांगले आठवले.

याचा मेंदूतील माग १९९८ मध्ये अँथनी वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी फंक्शनल एमआरआयने काढला. यंत्रात पडून असलेली व्यक्ती समोर येणारा शब्द मूर्त वस्तूचा आहे की अमूर्त कल्पनेचा, हे ठरवत होती. पुढे स्मरणचाचणी घेऊन संशोधकांनी लक्षात राहिलेल्या आणि विसरलेल्या शब्दांच्या वेळची चित्रे वेगळी काढली, तेव्हा लक्षात राहिलेल्या शब्दांच्या वेळी डाव्या अग्रललाट (कपाळामागच्या) भागात आणि मेंदूच्या आत स्मृतीचे काम करणाऱ्या हिप्पोकॅम्पसला लागून असलेल्या भागात अधिक सक्रियता आढळली. (हे यंत्र चेतापेशींचे संदेश थेट टिपत नाही, रक्तातील ऑक्सिजनच्या बदलावरून अंदाज बांधते.) डावा अग्रललाट भाग साठवलेल्या ज्ञानातून प्रसंगाला लागू पडणारा अर्थ निवडण्यास मदत करतो, तर हिप्पोकॅम्पस नव्या-जुन्या दुव्यांची गाठ बांधतो. १९५३ मध्ये शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग गमावलेले हेन्री मोलेसन जुने शब्द सहज वापरत, पण नवे शब्दार्थ शिकणे त्यांना जवळजवळ अशक्य झाले होते.

गाठ बांधायची, तर दुसरे टोक आधी हाताशी हवे. म्हणूनच व्याख्या आधी आणि मनुके नंतर, हा आपल्या वर्गांतला क्रम मला उलटा वाटतो. मात्र घोकंपट्टी सर्वस्वी निरुपयोगी ठरत नाही: १९७७ मधील एका प्रयोगात यमकावरच चाचणी घेतली, तेव्हा यमकाकडे लक्ष देऊन शिकणाऱ्यांचीच सरशी झाली. संज्ञेचे शुद्धलेखन बिनचूक हवे असेल, तर अक्षरांकडेही स्वतंत्रपणे लक्ष द्यावेच लागते.