फोटो कॉपी-पेस्ट करताना नक्की काय होतं, आणि प्रिंटसाठी आम्ही मूळ फाइलच का मागतो

आमच्याकडे कोलाज, अल्बम, बॅनर असं काम देणारे बरेच जण आता घरीच थोडंफार एडिटिंग करून आणतात आणि ते आम्हाला मनापासून आवडतं, कारण आपला फोटो कसा दिसायला हवा हे तुमच्याइतकं दुसरं कोण सांगणार. पण दोन प्रश्न रोज येतात. एक, कंट्रोल सी केलं, फोटोशॉपमध्ये जाऊन कंट्रोल व्ही केलं, काहीच आलं नाही. आणि दुसरा, पेस्ट तर झाला पण एवढासाच आला, मोठा करायला गेलो तर पार फाटला. दोन्हीची उत्तरं इथे नीट लिहून देतोय, प्रिंटला देण्याआधी एकदा वाचा.

पहिला प्रश्न सोपा आहे. फोल्डरमध्ये फोटोच्या आयकॉनवर क्लिक करून कंट्रोल सी केलं की क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेली गोष्ट कॉम्प्युटर तात्पुरती ठेवतो त्या जागी, चित्र जात नाही, "अमुक फाइल अमुक जागी आहे" एवढीच माहिती जाते. ती दुसऱ्या फोल्डरमध्ये पेस्ट होते, पण फोटोशॉपला चित्र हवं असतं म्हणून तिथे पेस्ट फिकं दिसतं किंवा काही घडतच नाही. चित्रच कॉपी करायचं तर फोटो आधी उघडा, पेंटमध्ये उघडला तरी चालेल, मग कंट्रोल ए, कंट्रोल सी आणि नंतर पेस्ट. पण खरं सांगायचं तर फाइल तुमच्याकडेच असताना हा सगळा खटाटोप कशाला, ती फाइल फोल्डरमधून सरळ ओढून फोटोशॉपच्या उघड्या डॉक्युमेंटवर सोडा, किंवा फाइल मेनूतलं प्लेस एम्बेडेड वापरा. गिंप या मोफत एडिटरमध्ये यासाठी ओपन अ‍ॅज लेयर्स आहे. असा आणलेला फोटो पूर्ण क्वालिटीत येतो, आणि फोटोशॉपमध्ये तर तो स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून बसतो, म्हणजे कितीही वेळा लहान-मोठा केला तरी मूळ पिक्सल आत शाबूत राहतात. साधा पेस्ट केलेला लेयर (चित्राचा एकावर एक ठेवलेला थर) एकदा लहान करून ओके केला की जास्तीचे पिक्सल गेले, परत ताणला की धूसर होणार. म्हणून पेस्टच करायचा असेल तर आकाराला हात लावायच्या आधी लेयरवर राइट क्लिक करून कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट करून घ्या, ही एक सवय लावलीत तर आमची निम्मी कामं सोपी होतील.

आता दुसरा प्रश्न, एवढासा का आला. यावर थोडं जास्त लिहितोय कारण सगळा घोळ इथेच होतो. फोटोला स्वतःची इंच-सेंटिमीटरमधली लांबी-रुंदी अशी नसते, असतात ते पिक्सल. चांगल्या प्रिंटसाठी आम्ही साधारण एका इंचात ३०० पिक्सल धरतो, यालाच रिझोल्यूशन म्हणतात, म्हणजे ४ बाय ६ इंचाच्या फोटोला १२०० बाय १८०० पिक्सल लागतात आणि ए-फोर कागदाला २४८० बाय ३५०८. तुम्ही ए-फोरचं ३०० रिझोल्यूशनचं डॉक्युमेंट उघडलंत आणि त्यात नेटवरून घेतलेला १०८० पिक्सल रुंदीचा फोटो पेस्ट केलात तर तो रुंदीत निम्म्यापेक्षाही कमी जागा भरणार, कागदावर साधारण ९ सेंटिमीटर. स्क्रीनवर मघाशी मोठा दिसत होता ना, असं सगळे म्हणतात, पण स्क्रीन तेच पिक्सल मोठे करून दाखवते, त्यात नवीन काही येत नाही. उलटंही होतं, मोबाइलचा ४००० बाय ३००० चा फोटो छोट्या डॉक्युमेंटमध्ये पेस्ट केला की नुसता गालच दिसतो. तिथे घाबरू नका, बाकीचा फोटो कॅनव्हासच्या बाहेर तसाच आहे, कंट्रोल टी करा, मग कंट्रोल शून्य दाबा म्हणजे चारही कोपरे दिसतील आणि आत घेता येईल.

आणि कृपया, इमेज साइझमध्ये जाऊन रिझोल्यूशन ७२ चं ३०० करून "आता एचडी झाला" असं समजू नका. रीसॅम्पलची टिक काढून आकडा बदललात तर पिक्सल तेवढेच राहतात, फक्त कागदावरचा आकार कमी होतो, आणि टिक ठेवून बदललात तर सॉफ्टवेअर मधले पिक्सल अंदाजाने भरतं, फाइल जड होते पण चेहऱ्यातला गेलेला बारकावा परत येत नाही.

ब्राउझरमधून कॉपी करताना राइट क्लिकवर दोन सारखे दिसणारे पर्याय असतात, एकाने चित्र कॉपी होतं आणि दुसऱ्याने फक्त त्याची लिंक, आणि लिंक पेस्ट केली तर एडिटरमध्ये चित्र येणार नाही. सर्चच्या पानावरची चित्रं म्हणजे छोट्या आवृत्त्या असतात, तिथूनच कॉपी करू नका, मूळ पानावर जाऊन मोठं चित्र उघडा. बरेच जण सेव्ह करायचं सोडून कॉपी करतात कारण सेव्ह केलं की फाइल वेबपी या प्रकारात येते आणि जुन्या फोटोशॉपमध्ये ती उघडत नाही. हे खरं आहे, फोटोशॉपमध्ये वेबपी थेट उघडायची सोय २०२२ मध्ये आली. तुमची आवृत्ती त्याआधीची असेल तर ती फाइल तशीच आमच्याकडे पाठवा, आम्ही उघडून घेऊ. हो, आणि दुसऱ्याने काढलेला फोटो तुमच्या जाहिरातीत वापरायचा असेल तर त्याची परवानगी आधी घ्या, ते आम्ही तुमच्या वतीने करू शकत नाही.

स्क्रीनशॉटचंही तेच. विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून हवा तेवढा भाग क्लिपबोर्डवर घेता येतो, फार सोयीचं आहे, आम्हीही दिवसभर वापरतो, पण १९२० बाय १०८० च्या अख्ख्या स्क्रीनचा शॉट ३०० ने छापला तर ६.४ बाय ३.६ इंच होतो, बस. "इथे हा फोटो हवा, तिथे ते नाव" असं दाखवायला स्क्रीनशॉट उत्तम. छापायला नको.

वर्डमध्ये चिकटवलेले फोटो आम्हाला खूप येतात. वर्ड सेव्ह करताना बहुतेक वेळा फोटो आपोआप हलके करून टाकतं, तेव्हा तुमच्याकडे मूळ फाइल असेल तर तीच द्या. नसेलच तर एक युक्ती आहे. डॉकएक्स फाइलची एक कॉपी करा, तिच्या नावाच्या शेवटचं डॉकएक्स काढून झिप लिहा, ती उघडा, आत वर्ड नावाच्या फोल्डरमध्ये मीडिया फोल्डर असतो आणि त्यात सगळे फोटो वेगवेगळ्या फाइल म्हणून सापडतात. पानावरून कॉपी करण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

पारदर्शक लोगोबद्दल. ब्राउझरमधून पारदर्शक पीएनजी कॉपी केला की पेस्ट झाल्यावर मागे काळं किंवा पांढरं येतं, कारण क्लिपबोर्डवरून जाताना कधीकधी पारदर्शकतेची माहिती गळून पडते. अशावेळी लोगो सेव्ह करून फाइल म्हणूनच आणा. सेव्ह केल्यावर नावाच्या शेवटी जेपीजी दिसलं तर मात्र तो पारदर्शक नाहीच, जेपीजीमध्ये ती सोय नसते, आणि मागे दिसणाऱ्या राखाडी-पांढऱ्या चौकटी चित्रातच रंगवलेल्या असतात. आयफोनवर आयओएस १६ पासून फोटोतल्या माणसावर बोट दाबून धरलं की तो मागच्या दृश्यापासून सुटा होऊन कॉपी होतो, हे झकास आहे, पण केसांच्या कडा नीट कापल्या जात नाहीत, म्हणून त्याच्यासोबत मूळ फोटोही द्या, कडा आम्ही हाताने करू.

एडिटरच्या आतल्या आत कॉपी करताना लक्षात ठेवा, कंट्रोल सी फक्त निवडलेल्या लेयरचंच घेतं. "कॉपी केलं पण मजकूर आलाच नाही" याचं कारण बहुतेक वेळा हेच. जे दिसतंय ते सगळं हवं असेल तर आधी कंट्रोल ए, मग कंट्रोल शिफ्ट सी. हे फोटोशॉप आणि गिंप दोन्हीत चालतं. पण कंट्रोल शिफ्ट व्ही दोन्हीत वेगळं वागतं, फोटोशॉपमध्ये आधीच्याच जागी पेस्ट होतं आणि गिंपमध्ये नवीन इमेज उघडते. गिंपच्या जुन्या आवृत्तीत साधं पेस्ट केलं की फ्लोटिंग सिलेक्शन असा तरंगता लेयर येतो आणि पुढे काहीच करता येईनासं होतं, तेव्हा त्याला न्यू लेयर करा की मोकळे झालात.

क्लिपबोर्डवर एका वेळी शेवटची कॉपी केलेलीच गोष्ट राहते. विंडोजमध्ये विंडोज आणि व्ही दाबून हिस्ट्री चालू केली तर मागच्या २५ गोष्टी मिळतात, पण ४ एमबीपेक्षा मोठं काही त्यात राहत नाही, आणि क्लिपबोर्डवर फोटो आवळलेला नसतो, ६००० बाय ४००० चा फोटो सुटा केला की ७२ एमबीच्या घरात जातो. म्हणून मोठे फोटो त्या यादीत शोधत बसू नका.

अजून एक गोष्ट पेस्ट करताना हरवते जी कुणाच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे फोटो कधी काढला ती तारीख. ती फाइलच्या आत लिहिलेली असते, पिक्सलमध्ये नसते. अल्बम आम्ही त्याच तारखेवरून क्रमाने लावतो, आणि पेस्ट करून नव्याने सेव्ह केलेले फोटो आले की मुलाचा पहिला वाढदिवस आधी की बारसं आधी हे आम्हाला तुम्हाला फोन करून विचारावं लागतं. रंगांची प्रोफाइल, म्हणजे रंग नेमके कसे दाखवायचे ती माहितीही अशीच कधीकधी मागे राहते आणि लाल-केशरी रंग थोडे वेगळे छापले जातात.

तर काम देताना तुमची पीएसडी (फोटोशॉपची) किंवा एक्ससीएफ (गिंपची) फाइल लेयर न मिसळता द्या आणि त्यात वापरलेले मूळ फोटो एका फोल्डरमध्ये सोबत ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर गॅलरीतून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एचडी निवडलं तरी फोटो थोडा दाबला जातोच. आणि ई-मेल करणार असाल तर फोटो मजकुरात पेस्ट करू नका, पिन दाबून अटॅच करा, फाइल जड असेल तर ड्राइव्हची लिंक द्या आणि ती उघडायची परवानगी चालू आहे ना ते पाठवण्याआधी बघा.