सर्व्हरची खानेसुमारी: यादी करणाऱ्या स्क्रिप्टमागचा इतिहास

आपल्याकडे किती सर्व्हर आहेत, त्यांत काय बसवलंय आणि त्यांवर काय चालतंय, हे तीन प्रश्न एकत्र विचारले जातात, आणि उत्तरं आपोआप गोळा करायला स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहितात. पण त्यांची उत्तरं मिळण्याचा इतिहास वेगवेगळा आहे. हार्डवेअरच्या प्रश्नाचा बराचसा निकाल १९९०च्या दशकातच लागला. सॉफ्टवेअरचा प्रश्न अजून भिजत पडलाय.

१९९०च्या सुरुवातीला मोठे सर्व्हर म्हणजे युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, आणि प्रत्येक कंपनीचं युनिक्स निराळं. सोलारिसवर हार्डवेअर बघायची कमांड ‘पीआरटीडायग’, एचपी-यूएक्सवर ‘आयओस्कॅन’, एआयएक्सवर ‘एलएससीएफजी’. सॉफ्टवेअरसाठी अनुक्रमे ‘पीकेजीइन्फो’, ‘एसडब्ल्यूलिस्ट’ आणि ‘एलएसएलपीपी’. त्यामुळे यादीची स्क्रिप्ट आधी ‘युनेम’ चालवून कोणतं युनिक्स आहे ते बघायची, त्याप्रमाणे वाट धरायची आणि मिळालेल्या मजकुरातून ‘ऑक’ या मजकूर चाळणाऱ्या साधनाने हवे ते शब्द वेचायची. पुढच्या आवृत्तीत एखादा रकाना सरकला की सगळं मुसळ केरात. तरी निदान विचारायची सोय होती. इंटेलवर चालणाऱ्या पीसी-सर्व्हरला मेमरीच्या कोणत्या खाचेत काय बसवलंय हे विचारण्याची सर्वमान्य पद्धतच नव्हती. झाकण उघडा, स्टिकर वाचा आणि डेडस्टॉक रजिस्टरात लिहा.

१९९२ साली काही कंपन्यांनी मिळून डीएमटीएफ ही मानकं ठरवणारी संस्था काढली. १९९५च्या सुमारास एसएमबायोस हे मानक आलं. कल्पना साधी होती: यंत्र सुरू होताना बायोसनेच, म्हणजे यंत्र जागं करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमनेच, मेमरीत एक तक्ता मांडून ठेवायचा. निर्माता, मॉडेल आणि अनुक्रमांक एका प्रकारच्या नोंदीत, प्रोसेसर दुसऱ्या, मेमरीच्या प्रत्येक खाचेची नोंद आणखी वेगळी. लिनक्सवर हा तक्ता वाचणारं ‘डीएमआयडीकोड’ आधी अ‍ॅलन कॉक्स यांनी लिहिलं, नंतर जाँ देल्वार यांनी सांभाळलं. आजही कोणतंही महागडं साधन अनुक्रमांक दाखवतं तेव्हा बहुधा याच तक्त्यातून उचलतं. अर्थात तक्ता भरतो निर्माताच, आणि तिथे आळस नांदतो. स्वस्त मदरबोर्डवर अनुक्रमांकाच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ हे वाक्य जसंच्या तसं सापडतं. अनुक्रमांकालाच यादीची किल्ली, म्हणजे यंत्राची ओळख, मानणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मग अशी सगळी यंत्रं एकाच ओळीत गडप होतात.

१९९६ साली मायक्रोसॉफ्ट, इंटेल, कॉम्पॅक, सिस्को आणि बीएमसी यांनी डब्ल्यूबीईएम हा यंत्रांची माहिती एकाच पद्धतीने मिळवण्याचा उपक्रम सुरू केला. त्यातून विन्डोजमध्ये डब्ल्यूएमआय हे अशी माहिती पुरवणारं साधन आलं. विन्डोज २०००मध्ये ते मुळातच बसवलेलं होतं. आता दूरच्या सर्व्हरला एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेसारख्या भाषेत प्रश्न विचारता येऊ लागला, आणि व्हीबीस्क्रिप्ट या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत लिहिलेल्या यादीच्या स्क्रिप्टांचं पेवच फुटलं. सगळ्यांचा साचा एक: मजकुराच्या फाइलमधून सर्व्हरची नावं वाचायची, प्रत्येकाला प्रोसेसर, मेमरी, डिस्क विचारायची आणि उत्तरं एक्सेलमध्ये ओतायची.

या साच्यात एक खोड होती. बंद सर्व्हरपाशी स्क्रिप्ट अडू नये म्हणून वरच ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ (चूक झाली तरी पुढच्या ओळीवर जा) लिहिलेलं असे. सर्व्हर सापडला नाही की जोडणीची ओळ फसायची, पण व्हेरिएबलमध्ये, म्हणजे माहिती ठेवायच्या जागेत, आधीच्या सर्व्हरची जोडणी तशीच राहायची. परिणामी बंद पडलेल्या सर्व्हरच्या नावापुढे शेजाऱ्याचा प्रोसेसर आणि शेजाऱ्याची मेमरी लिहिली जायची. रिकामा रकाना लगेच डोळ्यात भरतो. असा भरलेला रकाना वर्षानुवर्षं कुणी तपासत नाही.

सॉफ्टवेअरची कथा याहून गुंतागुंतीची. लिनक्सवर ‘आरपीएम’ किंवा ‘डीपीकेजी’ ही साधनं बसवलेल्या पॅकेजांची यादी देतात, पण कुणी हाताने कंपाइल करून (मूळ कोडपासून बनवून) ठेवलेलं त्यांना दिसत नाही. विन्डोजवर ‘विन३२_प्रॉडक्ट’ हा डब्ल्यूएमआयमधला वर्ग (माहितीचा एक गट) नावावरून नेमका हवा तोच वाटतो, आणि नवशिक्या हमखास तिथे जातो. त्यात फक्त एमएसआय या विन्डोजच्या इन्स्टॉलर पद्धतीने बसवलेले प्रोग्रॅम मिळतात. शिवाय ही चौकशी केली की विन्डोज प्रत्येक पॅकेजची तपासणी करतं, आणि काही बिघडलेलं वाटलं तर दुरुस्तीलाही लागतं. नुसतं बघायला गेलेली स्क्रिप्ट चालत्या सर्व्हरवर हात फिरवून येते. म्हणून जाणते लोक विन्डोजची सेटिंग्ज साठवणाऱ्या रजिस्ट्रीतली ‘अनइन्स्टॉल’ची नोंद वाचतात, आणि ६४-बिट यंत्रावर ३२-बिट प्रोग्रॅमांची वेगळी शाखाही.

एवढं करूनही काय सुटतं, ते २५ जानेवारी २००३ला दिसलं. स्लॅमर हा जेमतेम ३७६ बाइटचा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधल्या त्रुटीवर स्वार झाला आणि दहा मिनिटांत बहुतेक असुरक्षित यंत्रांपर्यंत पोचला. त्रुटीवरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने आदल्या वर्षीच्या जुलैमध्येच दिला होता. पण त्याच इंजिनची एमएसडीई ही छोटी आवृत्ती इतर कितीतरी उत्पादनांच्या पोटात होती. ती आपल्याकडे आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हतं, मग पॅच लावणार कुठे?

२००६ साली मायक्रोसॉफ्टचं पॉवरशेल हे कमांड आणि स्क्रिप्टचं साधन आलं आणि मजकूर वेचण्याची कटकट गेली: उत्तर म्हणून ऑब्जेक्ट (नावानिशी रकाने असलेल्या नोंदी) मिळू लागले. २०१२च्या तिसऱ्या आवृत्तीतल्या ‘गेट-सिमइन्स्टन्स’ या कमांडने दूरच्या यंत्राशी बोलायला डीकॉम या जुन्या पद्धतीऐवजी डब्ल्यूएस-मॅनचा रस्ता धरला, त्यामुळे फायरवॉलमध्ये ठरावीक पोर्ट उघडून भागू लागलं. लिनक्सच्या बाजूला अ‍ॅन्सिबल आणि २०१४ साली फेसबुकने खुलं केलेलं ओएसक्वेरी आलं. ही साधनं उत्तमच आहेत, पण त्यांनी प्रश्न विचारणं सोपं केलं. सॉफ्टवेअरचं उत्तर कुठून आणायचं, हा पेच तसाच राहिला.

डिसेंबर २०२१मध्ये लॉग४जेची त्रुटी उघड झाली तेव्हा पुन्हा तेच. ही जावा लायब्ररी पॅकेजांच्या यादीत क्वचितच दिसायची. ती असायची जार फाइलच्या, म्हणजे जावा प्रोग्रॅमच्या गठ्ठ्याच्या, आत, कधी त्या जारच्या आतल्या जारमध्ये. शेवटी लोकांनी डिस्कवरची एकेक जार उघडून आत ‘जेएनडीआयलुकअप’ हा त्रुटीचा क्लास (कोडचा तुकडा) शोधणाऱ्या स्क्रिप्टा लिहिल्या. प्रत्येक सॉफ्टवेअरसोबत त्यातल्या घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, द्यावी या मागणीला त्यानंतर जोर चढला. भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २०२४मध्ये त्याबद्दल तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतःबद्दल सांगायचा तक्ता एसएमबायोसनंतर जवळपास तीस वर्षांनी आकाराला येतोय, तोही निर्मात्यानेच भरायचा.

दरम्यान जुन्या हत्यारांचीही वेळ भरत आलीय. डब्ल्यूएमआयला प्रश्न विचारणारी ‘डब्ल्यूएमआयसी’ ही कमांड मायक्रोसॉफ्टने मोडीत काढायला घेतली आहे, आणि व्हीबीस्क्रिप्टही बंद होणार असल्याचं ऑक्टोबर २०२३मध्ये जाहीर केलं. टास्क शेड्यूलरमध्ये रात्री चालणाऱ्या जुन्या व्हीबीस्क्रिप्ट फाइली कोणत्या सर्व्हरवर उरल्यात, हा रकाना आता यादीत घालावा लागेल.